थेल्माबाईंचा बिटर्न

आमच्या शेजारच्या थेल्मा लार्टरबाईंनी तीस वर्षं गावच्या शाळेत मुलांना जेवण वाढलं. आता निवृत्त आहेत आणि पक्षी बघतात. त्यांच्या वहीत दोनशे चौऱ्याण्णव पक्षी आहेत, फक्त बिटर्न नाही. बिटर्न म्हणजे लव्हाळ्यात दडून बसणारा तपकिरी बगळा. वसंतात त्याचा घुमणारा आवाज बाई बावीस वर्षं ऐकतायत, पण कानांनी पाहिलेलं वहीत जात नाही हा त्यांचा नियम. त्यांच्या पक्षी बघणाऱ्या मंडळातल्या बाकी सगळ्यांचा बिटर्न कधीच बघून झालाय.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्यांनी मलाही नेलं. वरून पाऊस, समोरून समुद्रावरचा वारा. लाकडी खोपटातल्या फटीतून आम्ही पाचजण दलदलीकडे बघत बसलो. तीन तासांत बदकं दिसली, तीही कंटाळलेली. बोटं निळी पडली तरी इथली इंग्रज माणसं "जरा गारवा आहे" एवढंच म्हणतात.

मग थेल्माबाईंनी चहाचा थर्मास काढला आणि शाळेतल्या सवयीनं आधी सगळ्यांना वाढलं. मी चातुर्मासात चहा सोडते, त्यामुळे मी आपली बाहेर बघत होते. तेवढ्यात लव्हाळ्यातलं एक खोड चालायला लागलं.

"ते काय ते?" मी बोट दाखवून विचारलं.

चौघांनी वाफाळते कप तोंडाशी धरूनच माना वळवल्या. "बिटर्न," मंडळाची त्या-त्या दिवसाची यादी ठेवणारे नेव्हिल म्हणाले. तोवर तो आत गेलाही. सगळे अभिनंदन करत थेल्माबाईंचे हात हातात घेऊ लागले. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"मी फक्त वाफ पाहिली."

"बघत तर तिकडेच होतीस. लिहून टाक बाई," नेव्हिल म्हणाले. "कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

मग ऑड्रीबाई हळूच म्हणाल्या, आपल्यालाही नुसतं काहीतरी तपकिरी हललेलं दिसलं, ती डेरेकची टोपीसुद्धा असेल. डेरेकनी कबूल केलं की ते बिस्किटाकडे बघत होते. शेवटी नेव्हिलनी यादीतलं आपलंही नाव पुसायला खोडरबर काढला. त्यांनी म्हणे माझं बोट बघून नाव घेतलं होतं.

उरले मी. पाय कसले, चोच कशी, नेव्हिलनी पोलिसासारखी चौकशी केली. मी पाय हिरवट म्हटलं, आणि यादीत माझं नाव चढलं. बावीस वर्षं उपाशी असलेल्या बाईच्या ताटातला घास आपल्या तोंडात पडावा, तसं मला झालं. अंधार पडेपर्यंत सगळे थांबले. तो काही परत आला नाही.

येताना गाडीत थेल्माबाई म्हणाल्या, "मान कशी धरली होती गं?"

मी सांगितलं.

"परत सांग."

घर येईपर्यंत मी चारदा सांगितलं, दोनदा मान ताणून करूनही दाखवलं. दाराशी त्या म्हणाल्या, "शनिवारी सातला तयार राहा. दोन जोड मोजे घाल."

संध्याकाळी दिवा लावताना मी देवाला म्हटलं, आता त्यांना दिसू दे. मला नाही दिसला तरी चालेल.