टेबलाखालचा हिराजी

तीन आठवड्यांपूर्वी, दुपारचं जेवण उरकून आडवा होत होतो तेव्हा फोन वाजला. पलीकडे ओवे गावातली ताराबाई. “सर, आमचे हे गेले सकाली,” ती म्हणाली. “तुमाला पयला फोन कराचा, आसं सांगून ठेवलं व्हतं त्यांनी.” हे म्हणजे हिराजी. केबलवाला हिराजी. पनवेलच्या जुन्या घरांत ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना तो खांद्यावर शिडी आणि गळ्यात काळ्या वायरचं वेटोळं घेऊन गच्च्यांवरून फिरणारा माणूस म्हणून आठवत असेल. त्याची दुसरी ओळख मात्र कोणालाच नाही, आणि ती नसण्याला मी जबाबदार आहे.

केबल नवी होती त्या दिवसांत अन्वरभाई आखातातली नोकरी सोडून परतले ते एक कॅमेरा घेऊनच. त्यांनी केबलचा धंदा सुरू केला, हिराजीला कामाला घेतलं, आणि दुकानाच्या माळ्यावरच्या खोलीत निळी चादर ताणून आमचा स्टुडिओ झाला. रविवारी सकाळी तिथून मुलांचा कार्यक्रम थेट घराघरांत जायचा. मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून मी निवेदक. माझ्यासमोर तिन्ही बाजूंनी फळ्या ठोकलेलं टेबल, टेबलावर बूड फोडलेलं मडकं, आणि त्या मडक्यातून डोकं बाहेर काढणारा आमचा निवट्या. निवटी म्हणजे आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, टपोऱ्या डोळ्यांचा मासा. हिराजीनं तो राखाडी मोज्यातून शिवला होता, आणि टेबल टेनिसचा चेंडू कापून त्याचे डोळे केले होते. टेबलाला पाडलेल्या भोकातून हात वर घालून तो खाली उकिडवा बसायचा आणि निवट्याला स्वतःच्याच बोलीत बोलायला लावायचा. “निवट्या, पाढे पाठ केलेस का?” मी विचारायचो. “चिकलान बसून कोन पाडे म्हनतं, सर? तुमी या खाली, मंग बगू!” घराघरांतली मुलं खदखदायची. यातलं काहीही लिहिलेलं नसे. सगळं त्याला तिथल्या तिथे सुचे, अंधारात, गुडघे हनुवटीला लावून.

खाली जागा इतकी कमी की मला पाय खुर्चीखाली मुडपून बसावं लागे, नाहीतर ते थेट त्याच्या छातीला लागत. मी लांबण लावली की तो खालून माझी पँट ओढायचा. एकदा ओढली तर आवरा, दोनदा ओढली तर काहीतरी विसरलात. आठ वर्षं तो कार्यक्रम चालला तो त्या ओढण्यावर.

कार्यक्रमाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्यांवर त्याचं नाव नव्हतं. तो निर्णय अन्वरभाईंचा, आणि तो वाईट हेतूनं घेतलेला नव्हता. “नाव दाखवलंत तर पोरांना कळणार, आत माणूस आहे. मग मजा काय राहिली, सर?” मलाही ते पटलं होतं. पण मोठी माणसं मुलांसारखी थोडीच असतात? एकदा मासळी बाजारात एका गृहस्थांनी मला थांबवलं. “सर, काय आवाज काढता हो तुम्ही त्या माशाचा! ओठसुद्धा हलत नाहीत.” मी हसलो. नाही म्हणालो नाही... पुढच्या वेळी ते हसणं सोपं गेलं. मग गावभर तेच झालं, की सर दोन आवाजांत बोलतात. हिराजीच्या कानावर हे येतच होतं. बुधवारी टेप पुन्हा दाखवायचे, तेव्हा तो कोणाच्या तरी घरी वायर जोडत असायचा. एकदा येऊन सांगत होता, “काल एका पोरीनी मलाच गप केला, सर. म्हनते, ओ केबलवाले, बोलू नका, निवट्या बोलतोय!” आणि पोट धरून हसला होता. तेव्हा तरी मी काही बोलायला हवं होतं. मी चहा मागवला.

मग एका मंडळानं माझा सत्कार ठेवला. निवट्याला घेऊन या, दोन मिनिटं करून दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. मी हिराजीला काहीच कळवलं नाही. घसा बसलाय असं सांगून वेळ मारून न्यायची, हे घरून निघतानाच ठरवलं होतं. टेबल आणि मडकं आणायला मंडळानं टेंपो पाठवला होता. पडदा उघडला, शाल झाली, नारळ झाला, आणि मी घशाला हात लावून बोलायला तोंड उघडणार तोच मडक्यातून ते राखाडी डोकं वर आलं. टेंपोबरोबर हिराजीही आला होता आणि पडदा उघडण्याआधीच खाली जाऊन बसला होता. मी अडकेन म्हणून. आम्ही नेहमीसारखे बोललो, सभागृह हसत होतं. मग निवट्या माझ्याकडे वळला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, “सर, टेबलाखाली कोन हाय, सांगा ना यांना.”

समोर माझे विद्यार्थी होते, त्यांचे आईबाप होते, पहिल्या रांगेत माझी बायको होती. एक नाव घ्यायचं होतं, दुसरं काही नाही.

“टेबलाखाली?” मी म्हणालो. “टेबलाखाली चिखल आहे रे, दुसरं काय असणार?”

टाळ्या थांबेनात. निवट्यानं मडक्याच्या काठावर हनुवटी टेकवली. मग खाली गेला. माझी पँट कोणी ओढली नाही. सभागृह रिकामं झाल्यावर हिराजी बाहेर आला, गुडघे झटकत म्हणाला, “वेलेवर आलो ना, सर?” त्यानंतरही कार्यक्रम वर्षभर चालला. तो दर रविवारी येत होता, आणि त्या वाक्याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही.

पुढे मोठ्या वाहिन्या आल्या आणि आमची निळी चादर उतरली. मी कामोठ्याला राहायला आलो. आजही रिक्षाच्या रांगेत एखादा टक्कल पडू लागलेला गृहस्थ ओळखतो, “सर, निवट्याचा आवाज काढा ना, मुलीला ऐकवायचाय.” घसा बसलाय, मी म्हणतो. गेली वीसेक वर्षं माझा घसा बसलेलाच आहे. अधूनमधून भर दुपारी, घरात मी एकटाच असताना, तो आवाज मात्र अगदी स्पष्ट ऐकू येतो. कोन हाय, सांगा ना...

ताराबाईचा फोन आला त्याच दुपारी मी ओव्याला गेलो. ओटीवर माणसं बसली होती. एकानं मला ओळखलं आणि हिराजीच्या नातीला पुढे केलं. “अगं, ह्ये सर टीवीवर निवट्याचा आवाज काढायचं.” म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओटीवरही... त्या पोरीनं मान वर करून म्हटलं, “काढा ना आजोबा.” आणि मी, त्या घरात, त्या दिवशी, घशाला हात लावला. ताराबाई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती नातीला म्हणाली, “नको गं सरांना तरास देव. तुजा आबा काय सांगायचा? सरांचा घसा नाजूक हाय.”

मी चप्पल घालून निघालो ते कोणाचा निरोप न घेताच.

म्हणून हे लिहितो आहे. निवट्याचा आवाज हिराजीचा होता. त्यातला एकही शब्द माझा नव्हता. हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं की ती घेऊन मी ओव्याला जाणार आहे, आणि त्या ओटीवर बसून नातीला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा ते टेबल अन्वरभाईंनी मला दिलं. भोकावर मी पुठ्ठा ठोकून घेतला आहे. लिहायला तेच वापरतो. खाली आता भरपूर जागा आहे, आणि या वयात गुडघे दुखतात, तरी आजवर या टेबलाखाली मला पाय पसरता आलेले नाहीत. आत्ताही ते खुर्चीखाली मुडपलेले आहेत. लांबण लागली आहे हे मला कळतं आहे. आवरायला हवं. पण खालून कोणी ओढत नाही...