खुंटीवरची माळ

काल आमच्या टिळकवाडीतल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ओल्या काड्यांचा कडसर वास आला आणि माझं डोकंच फिरलं. वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर पोरगा डोक्याला काविळीची माळ घालून उभा होता.

पूर्वी निपाणीत आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, डोक्यावर अशीच माळ होती. विड्या वळणारी आक्का भिंतीला टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे, समोरचं जेवण तसंच. माळ मात्र रोज लांबत होती. एके दिवशी ती गळ्यातून छातीवर आली आणि आई हरखून ओरडली, "बघा गं, कावीळ उतराय लागली!" शेजारणी धावत आल्या. सगळ्यांनी माळ बघितली, आक्काचे डोळे कुणीच बघितले नाहीत.

"आई, लई मळमळतंय गं. दवाखान्यात जाऊया की," आक्का म्हणाली.

"माळ पायापर्यंत येऊ दे, मग बघू."

शेवटी बेळगावला नेलं तेव्हा लिव्हर पार निकामी झालं होतं. "रक्त आधीच का तपासलं नाही?" डॉक्टर चिडून विचारत होते.

काल मीही तेच विचारलं. "रक्त तपासलंस काय रं?"

"न्हाय काकू. माळ उतरू दे की, मग जातो."

काड्या वाळल्या की गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. एवढंच! आक्काची माळ खुंटीला अडकवून आम्ही दवाखान्यात गेलतो. तिला स्मशानात पोचवून घरी आलो, तर खुंटीवरही ती माळ हातभर लांबली होती.