चुलीकडे तोंड

एटेल्का घाबरट बाई, हे सगळ्या गावाला ठाऊक. तिची मुलगी एनिको रोज सकाळी सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियातल्या हॉटेलात कामाला जायची. तिचा ‘पोचले’ असा निरोप फोनवर आला, की मगच एटेल्काच्या घशाखाली कॉफी उतरायची. अलीकडे तर तिची झोपच उडाली होती. हंगेरीला युरोपीय संघाच्या जोखडातून सोडवू, असं सरपंचांचा पक्ष चौकाचौकात ओरडत होता. शाळेचं छप्पर त्याच युरोपच्या पैशातून झालंय, पण बोलणार कोण? एटेल्काची तर बालवाडीच्या स्वयंपाकघरातली नोकरीच सरपंचांच्या हातात. ती तोंडाला कुलूप लावून बसायची.

मान मिळायचा तो फक्त निवडणुकीच्या दिवशी. ज्या म्हाताऱ्या-आजाऱ्यांना शाळेतल्या मतदान केंद्रापर्यंत येववत नाही, त्यांच्या घरी लहान मतपेटी जाते. वर्षानुवर्षं ती पेटी एटेल्काच न्यायची. समोरच्यानं पेन हातात घेतलं, की ही चुलीकडे तोंड करून उभी. कुणाचं मत तिनं कधी पाहिलं नाही, आणि याचा तिला मनातून फार अभिमान.

या खेपेला, युरोपच्या संसदेच्या निवडणुकीत, तिच्या जोडीला सरपंचांचा मेहुणा सिल्वेस्टर आला. शेवटचं घर व्हेंडेलकाकांचं. काका नव्वदीचे, दोन्ही डोळे गेलेले. मतपत्रिकेवर त्यांची फुली बायको मारायची. ती हिवाळ्यात वारली. आता पेटीवाल्यांनीच मारायची.

काकांनी चाचपडत पोगाचांची, म्हणजे खाऱ्या छोट्या पावांची, ताटली पुढे सरकवली. “तिसऱ्यावर मारा. युरोपात राहू म्हणतात, त्यांच्यावर. सरहद्दीवर काटेरी तार होती, तेव्हा मला डोळे होते. माझा भाऊ त्या तारेपलीकडे गेला, तो पुन्हा दिसला नाही. आपली एनिको सकाळी जाते नि रात्री घरी जेवते. तेवढं राहू दे.”

“एटेल्का, तू हो चुलीकडे,” सिल्वेस्टर पेन उघडत म्हणाला. “तुझी सवयच आहे ना.”

ती वळली. सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा. पण चुलीशेजारच्या कपाटाच्या काचेत त्याचा हात दिसत होता, आणि तो हात पहिल्या, सरपंचांच्या पक्षाच्या चौकोनावर गेला. जी सवय तिनं अब्रूसारखी जपली, तिच्याच आडोशाला हा बाबा चोरी करत होता.

“एटेल्का,” काकांनी विचारलं, “तिसऱ्यावरच मारली ना गं?”

सिल्वेस्टर तिच्याकडे बघत हसला. “सांग की काकांना.”

“हो, काका,” ती म्हणाली.

“तू पाहिलंस? तू तर कधी बघत नाहीस.”

नोकरी गेली तर काय, हा एकच विचार एटेल्काच्या डोक्यात घुमत होता. तरी तोंडून निघालंच. “पाहिलं, काका. खोटं बोलले मी. पहिल्यावर मारलीय त्यानं.”

“मग ती रद्द करा नि दुसरी काढा. चुकली तर बदलून मिळते, एवढं मला ठाऊक आहे. आता तू मार. सिल्वेस्टर, बाळा, तू जरा चुलीकडे बघ. पोगाचा खा.”

एटेल्कानं नव्या मतपत्रिकेवर डोळे रोखून तिसऱ्या चौकोनात फुली मारली. रेघ वाकडी गेली. पण चौकोनातच राहिली. पत्रिका तिनं स्वतः पेटीत टाकली.

गाडीत बसल्यावर सिल्वेस्टरनं इंजिन सुरू केलं. मग शांतपणे म्हणाला, “उद्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या घेऊन कचेरीत ये. आणि ती पेटी दे इकडे, मागे ठेवतो.”

नोकरी गेली, हे तिला कळलं. घरी काय सांगायचं, तेही सुचेना. पण पेटी तिनं मांडीवर ओढून घेतली, दोन्ही हातांनी कवटाळली, आणि शाळा येईपर्यंत सोडली नाही.