गालातला उजेड

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे लुगडं उन्हाला धरलं. मागावरून उतरलेलं लुगडं दारात न्यायचं, दोघांनी दोन टोकं ताणायची आणि पलीकडचं ऊन बघायचं. धागा सुटला असला तर तिथून जास्त उजेड येतो. लग्न झाल्यापासून हेच करत आलो. त्या दुपारी ती म्हणाली, "सारखा उजेड हाय. माल चांगला." वर म्हणाली, "माझ्यावानीच की!" आणि हसली.

हसली ते सकाळचं आठवून.

लई दिवस तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांच्या मागं. नाकातून घाण यायची. सकाळी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खोलीत अंधार केला, बोटाच्या पेराएवढा विजेचा दिवा तिच्या तोंडात ठेवला आणि ओठ मिटायला सांगितलं. मी दचकलोच. तिचे दोन्ही गाल आतून लाल झाले. ज्या तोंडाकडं बघत म्हातारा झालो, ते असं कधी बघितलं नव्हतं. आत रक्त आहे हे माहीत होतं, पण ते असं दिसेल हे ध्यानात नव्हतं.

दिवा काढल्यावर ती माझ्याकडं वळून म्हणाली, "अवो, दिवाळी लांब हाय अजून. आत्ताच माझा आकाशकंदील केला व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "दोन्ही गाल सारखे उजळले. तिथं पू दिसत नाही. पण डोळ्यांच्या मागं काय आहे, ते हा दिवा सांगत नाही."

"का न्हाय सांगत?" मी म्हणालो. "उजेड पार झाला की!"

त्यांनी तिचा पदर मागितला. एकेरी पदराआड दिवा धरला, मग पदर दुमडून, मग पुन्हा दुमडून. दर घडीला उजेड कमी होत गेला. म्हणाले, कापडाचा हिशेब सोपा, दर थराला ठरलेला हिस्सा अडतो. मांसात तसं नाही. मांसात उजेड सरळ जातच नाही. चकवा लागलेल्या माणसासारखा वळतो, फिरतो, बाजूला पसरतो. खोल कुठं काळं असलं तरी वर लालच दिसतं. टेबलावर त्यांचे आकड्यांनी भरलेले कागद पडले होते. उजेड मांसात किती खोल जातो, त्याचं गणित. "आधी कापडासारखंच धरून मांडलं होतं," ते म्हणाले. "ते चुकलं. अजून जमत नाही." फोटोच्या यंत्रावरचा माणूस उद्या येणार होता. उद्या सकाळी या, डोक्याच्या आतला फोटो काढू, म्हणाले.

उद्याच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळाला, तो तिनं पदराला बांधला. वाटेत म्हणाली, "फोटू कशाला? उजेड सारखा हाय म्हणाले की." मलाही तेच वाटलं. आम्ही विणकर माणसं. सारखा उजेड म्हणजे चांगला माल, याच्या पलीकडं आम्हाला काही येत नाही.

तर दुपारी लुगड्याची घडी घालताना तिच्या हातातलं टोक सुटलं. मी म्हणालो, "अगं, धर की नीट!" ती भिंतीला हात लावत खाली बसली. ओकली. हातपाय ताठ झाले. आरडाओरडा ऐकून शेजारीण आली, मी टांग्यासाठी पळालो. टांगा घेऊन आलो तर शेजारीण पदरानं तिचं तोंड पुसत होती. म्हणाली, "काका, टांगा नको आता."

टांगेवाला दारात उभाच. मी त्याला सांगितलं, थांब, आत्ता येतो.

गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा आम्ही स्मशानात होतो. त्याआधी अंघोळ घालताना बायकांनी पदराचा बिल्ला सोडून माझ्या हातात दिला होता. तो मुठीत तसाच राहिला. अजून मला कळत नाही. सकाळी आतून लाल झालेलं, चेष्टा करणारं तोंड. त्याच दिवशी? त्याच?

दुसऱ्या दिवशी सकाळी, सुतकात, मी दवाखान्यात जाऊन ओळीत बसलो. कंपाउंडरनं नंबर पुकारला. उठलो. डॉक्टर माझ्या मागं बघत म्हणाले, "बाई कुठं आहेत?"

मी बिल्ला त्यांच्या आकड्यांच्या कागदावर ठेवला. म्हणालो, "ह्ये बी मांडा तुमच्या गणितात. गाल सारखे लाल व्हते. दुपारीच गेली."

मग काल ती बसली होती त्या स्टुलावर बसलो. घरी जायचं असतं, हे सुचलंच नाही.