तड्यातला रंग

मामींचा फोन आला तेव्हा मी शाळेत पोषण आहाराची डाळ बघत होते. "मामा गेले गं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "किती वाजता?" दुसऱ्या कुणाला हे विचित्र वाटलं असतं. मामींना वाटलं नाही. "नऊ वाजून दहा मिनिटांनी," त्यांनी सांगितलं आणि मग रडल्या... संगाप्पामामांच्या घरात कुठलीही गोष्ट आधी वेळेसकट सांगायची, बाकीचं नंतर. त्याला आता महिना झाला.

किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरजवळ धक्के नोंदवणारं एक केंद्र सुरू झालं, तिथे मामा नोकरीला होते. एक खोली, फिरणारा रूळ, त्यावर कागद आणि शाईची सुई. ठरल्या वेळी कागद बदलायचा, हे रोजचं काम. भूज हललं त्या सकाळी सुईनं मामांचा अख्खा कागद काळा केला होता. तो मी पाहिला. पण लक्षात राहिली ती दुसऱ्या एका कागदावरची बारीक थरथर. तिच्याशेजारी मामांनी लिहिलं होतं, 'बैलगाडी'. पुढे आणखी एक, 'मी स्टूल सरकवलं'.

"हे कशाला लिहिता?"

"मग काय, माझ्या स्टुलाला भूकंप म्हनू?"

मी हसले होते. त्याचा अर्थ कळायला मला मुख्याध्यापिका व्हावं लागलं.

भोकर तालुक्यातल्या आमच्या शाळेत परिपाठ चालू असताना जमीन हलली. मुलं मैदानातच होती, कुणाला लागलं नाही. अर्ध्या तासात गाव जमलं आणि तिसरीच्या खोलीतला तडा सगळ्यांना दिसला. त्या खोलीच्या दुरुस्तीसाठी मी अर्ज करून थकले होते. सरपंच म्हणाले, "मॅडम, भूकंपानं फुटली म्हणून लिहा. नवी खोली भेटंल." मी लिहिलं. तेव्हा मला ते जवळपास खरंही वाटलं.

मामांचा फोन आलाच. "काय झालं?" एवढंच. भांडी वाजली का, असं ते कधी विचारत नसत. आपण भांडी म्हटलं की समोरच्याची वाजतातच, असं त्यांचं मत. मी तड्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं हजर. बॅटरी तड्यात धरून वाकले.

"आत रंग हाय, पोरी."

पंधरा ऑगस्टला मीच भिंत रंगवून घेतली होती. रंग तड्यात उतरून वाळला होता. तडा कालचा असता तर आत कोरी वीट दिसली असती.

सरपंच भडकले. "मामा, आमच्या लेकरांच्या खोलीवर उठलाव का?"

"लेकरांला ह्या खोलीत बसवू नका म्हणूनच सांगायलो. जुन्या तड्यानं बी भिंत पडती. तसं लिहा."

मीही त्यांना बोलले. कागद बदलणाऱ्याला खोली मिळवावी लागत नाही, म्हटलं. ते शांतपणे जेवले, वर आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. त्यानंतर मी अहवाल फाडला आणि नवा लिहिला: तडा भूकंपाआधीचा, खोली धोक्याची, वर्ग बंद. तिसरीची मुलं व्हरांड्यात बसू लागली. मामांनी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घातली आणि चारची एसटी धरली.

काही महिन्यांनी पुन्हा धक्का बसला. तडा रेघेच्या वीतभर पुढे गेला. पाहणीला आलेले इंजिनिअर आल्या आल्याच म्हणाले, "इकडं प्रत्येक जुना तडा भूकंपाचाच असतो, नाही का मॅडम?" मी दोन्ही धक्क्यांनंतरच्या नोंदी पुढे ठेवल्या. त्यांनी वाचल्या, रेघा बघितल्या, आणि पाडायचा शेरा जागेवर लिहिला. पाडायला माणसं आली तेव्हा पहारीच्या दुसऱ्याच घावाला भिंत आत कोसळली... तिसरीची मुलं बसायची, बरोबर तिथे. सरपंच म्हणाले, "मामांला फोन लावा. मला बोलायचंय."

नवी खोली मागच्या आठवड्यात तयार झाली. मामांची बघायची राहिली. रंगारी डबा उघडून बसला होता, त्याला मी थांबवलं आणि चारी भिंती कोपऱ्या-कोपऱ्यातून तपासल्या.

"मॅडम, नवी भिंत हाय. काय बघायलाव?"

सगळं बघून झालं. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'तडा नाही'. मग त्याला म्हटलं, "हं, आता लाव रंग."