अप्पांची गेमची मशीन आज चालू झाली

मंडळी, आज दुपारी घरात जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

माझे वडील, अप्पा, जिंतूरच्या स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचे. आता विसरण्याच्या आजारामुळे ते आम्हाला ओळखत नाहीत. काही आठवेल म्हणून मी त्यांची जुनी मशीन दुरुस्त करायला घेतली. आतलं सर्किट सडलं होतं. त्या जागी तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड बसवला, नवी बटणं जोडली, आवाज मात्र जुनाच ठेवला.

तो आवाज ऐकताच अप्पा ताठ बसले. "सुनी, दुकान उघडलंस का?"

त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकून मला रडू आलं.

मग ते म्हणाले, "सतीश कुठं हाय? गल्ल्यावर कोण बसलंय?"

सतीश माझा भाऊ. तो अपघातात जाऊन खूप वर्षं झाली. मी विषय बदलणार तोच आई बोलून गेली, "आवो, सतीश गेला न्हाई का आपला."

अप्पा पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. आई त्यांची पाठ चोळत राहिली. मी मशीन बंद केली.

संध्याकाळी ते सगळं विसरले होते. मला म्हणाले, "बाई, तुमी कोण? ती मशीन लावा की जरा."

तुम्ही माझ्या जागी असता तर लावली असती का?