एक नंबरचं बार्बेक्यू

वजनकाटे तपासणाऱ्या माणसाला कुणी नावाने ओळखत नाही. गोदामांत, कारखान्यांत, अख्खा ट्रक तोलणाऱ्या मोठ्या काट्यांवर, सगळीकडे ते ‘काटेवाले’ होते. पुढे पुढे बायकोच्या मैत्रिणीही तसंच म्हणू लागल्या. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस त्यांची फिरती असे. गाडीच्या मागे प्रमाण वजनांच्या पेट्या, पुढे पाण्याची बाटली आणि खिशात निळ्या पुठ्ठ्याची एक वही. कामाच्या नोंदी कंपनीच्या कागदांवर होत. ही वही बार्बेक्यूची होती.

व्यसन म्हणाल तर एवढंच. दारू नाही, पत्ते नाहीत, पण नव्या गावात शिरलं की निखाऱ्यांचा धूर कुठून येतोय हे आधी हेरायचं. तिथे जाऊन बसायचं, अर्धा पेला पाणी प्यायचं, कोऱ्या पावाचा तुकडा चावायचा. काटा तपासताना आधी तो शून्यावर आहे ना बघतात, तसं तोंड शून्यावर आणल्याशिवाय चव घ्यायची नाही, हा त्यांचा दंडक. मग वहीत धूर, भाजणं, मऊपणा आणि सॉस असे चार रकाने, आणि शेवटी दहापैकी गुण. वेटरांना वाटे, कुठल्यातरी खात्याचा माणूस तपासणीला आलाय. मग ताटात दोन तुकडे जास्त पडत. काटेवाले ते न खाता बाजूला सारत, कारण त्या जादा तुकड्यांनी निकाल बिघडला असता. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे कुणी मागितला नव्हता, पण ज्याची त्याची हौस.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली तेव्हा बायको म्हणाली, “मलाही न्या की एकदा.”

“नेतो ना. आधी एक नंबरचं सापडू दे. तुला काय, कुठेही नेऊ?”

हे ते अगदी मनापासून बोलले होते. पण एक नंबरचं ठरवायचं तर आधी सगळी ठिकाणं चाखून व्हायला हवीत, आणि ठिकाणं काही संपेनात. एक बंद पडे तोवर दोन नवी उघडत. साडेआठ गुणांवर दोन ठिकाणं बरोबरीत अडकली, ती अडकलीच. नवाचं काही मिळेना. असं करता करता बावीस वर्षं निघून गेली. एवढ्या वर्षांत घरी कधी पार्सलसुद्धा आलं नाही, कारण थंड झालेल्या मांसाला गुण देता येत नाहीत. गुण देता आले नसते, पण खाता आलं असतं. हे कळायला काटेवाल्यांना फार उशीर झाला.

बायकोने मात्र आपला मार्ग काढला होता. ते फिरतीवरून आले की शर्ट भिजत घालायच्या आधी ती तो नाकाला लावी आणि डोळे मिटी.

“या खेपेला लाकूड होतं, कोळसा नव्हे. आणि लाकूड ओलं होतं.”

किंवा म्हणे, “साखर करपलीय. सॉस लवकर लावला मेल्यांनी.”

काटेवाले वही उघडून बघत, तर खरंच तिथेच गुण कापलेले असत.

“तुला घरबसल्या कसं कळतं गं?”

“तुम्ही जाऊन खाता, मी हुंगते. भागतं माझं.”

भागतं म्हणाली, आणि त्यांनी तेच खरं धरलं. दहा किलोच्या वजनात चार ग्रॅमची खोट पकडणारा हा माणूस, पण बायकोच्या बोलण्यातलं त्याला काही म्हणता काही पकडता आलं नाही.

एकदा तर तिने शर्ट बराच वेळ खाली ठेवलाच नाही. नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये एक नवराबायको बार्बेक्यू चालवत होते, तिथला वास होता तो. “इथे जाऊ या आपण,” ती म्हणाली. काटेवाल्यांनी पान काढून बघितलं. “साडेसात आहेत त्याला. याहून चांगली आहेत.” तिने शर्ट भिजत घातला. दोन वर्षांनी ते पुन्हा तिकडे गेले, तर शेडच्या जागी टायरचं दुकान होतं.

गेल्या थंडीत तिला ताप आला. आठ दिवस अंथरूण धरलं, मग उठून कामाला लागली. त्यानंतरही शर्ट नाकाला लागत राहिला, पण आता ती “छान होतं वाटतं,” एवढंच म्हणे. काटेवाल्यांना वाटलं, आता वय झालं, पूर्वीची हौस राहिली नसेल.

मग एका खेपेला ट्रकचा काटा ऐन वेळी अडला. काट्याखालच्या खड्ड्यात दोन दिवस गेले, पाव आणि केळ्यांवर. घरी आले तेव्हा शर्टाला ग्रीसचा आणि साचलेल्या पाण्याचा असा वास होता की त्यांचं त्यांनाच नको झालं होतं. बायकोने शर्ट उचलला, नाकाला लावला, नेहमीसारखे डोळे मिटले.

“अरे वा. लाकडावरचं दिसतंय.”

काटेवाले न्हाणीच्या दारात उभे होते. “मी या वेळी कुठे गेलोच नाही,” ते म्हणाले.

तिने शर्ट हळूच बादलीत सोडला.

“कधीपासून?”

“तापापासून. डॉक्टरांना दाखवलं मी. म्हणाले, आला तर येईल वास परत. चवही तशीच गेलीय.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही शर्ट स्वतःच भिजवला असता.”

त्या दुपारी काटेवाल्यांनी वही चाळली. बावीस वर्षांत सातच्या वर गुण मिळवणारी एकेचाळीस ठिकाणं होती. त्यांतल्या कुठल्याही एका ठिकाणी, कुठल्याही रविवारी तिला नेता आलं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी ते तिला घेऊन निघाले. साडेआठच्या दोघांपैकी कुठलं, यावर पुन्हा घोळ सुरू झाला, तेव्हा ती म्हणाली, “जवळचं घ्या.” तिथे ती पाण्याची, पावाची वाट न बघता खायला लागली. “गरम आहे,” म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “मऊ आहे खूप.” ताट स्वच्छ केलं, बोटं पुसली.

“वही नाही काढलीत?”

“घरी राहिली.” वही त्यांच्या खिशातच होती.

घरी आल्यावर तिने स्वेटर उतरवला आणि सवयीने नाकाला लावला. मग तिच्या लक्षात आलं. तिने तो त्यांच्यापुढे धरला.

“तुम्ही सांगा. कसा येतोय?”

काटेवाल्यांनी स्वेटरमध्ये तोंड घातलं. वास भरपूर होता. लाकडाचा होता, साखरेचा होता, आणखी कसला तरी होता, बहुधा तिचाच. तो कसा होता हे सांगायला ते शब्द शोधू लागले. पण या घरात वासाला शब्द देण्याचं काम कायम तिने केलं होतं, त्यांनी नुसते आकडे मांडले होते. ती त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली होती.

“साडेआठ,” ते म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि स्वेटर बादलीत भिजत घातला.